विक्रेता दाद देत नाही, रिफंड अडकला: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

ऑनलाइन बाजारावरच्या विक्रेत्याशी वाद झाला की ओळखीतले लोक ऑर्डरचे स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे येतात. वस्तू वेगळी, साइट वेगळी, देश वेगळा असला तरी प्रकरण अडकण्याची जागा बहुतेक वेळा तीच असते. माणसाची बाजू खरी असते, पुरावाही हाताशी असतो. पण तो विक्रेत्याला पटवत बसतो आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत संपते. निकाल विक्रेत्याच्या हातात नसतो. तो आधी साइटवरचा कर्मचारी देतो, नंतर बँकेतला, आणि अगदी शेवटी ग्राहक आयोग किंवा न्यायालय. यांच्यापैकी कुणीही तुमचं पार्सल उघडताना पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे येते ती फक्त फाइल. खालचा सगळा क्रम ती फाइल नीट तयार व्हावी यासाठी आहे: आधी फुकटातल्या, बसल्या जागी होणाऱ्या गोष्टी, मग वेळ खाणाऱ्या, मग खर्चाच्या.

लक्षणं

तुमची अडचण यातली कोणती, ते आधी ठरवा.

- ट्रॅकिंग ‘डिलिव्हर्ड’ दाखवतं, पण पार्सल हातात पडलेलंच नाही.
- ट्रॅकिंग कित्येक दिवस एकाच ठिकाणी अडकलंय आणि विक्रेता ‘अजून थोडं थांबा’ म्हणतोय.
- पार्सल आलं, पण आत भलतंच काही, किंवा खोकं रिकामं.
- वस्तू तीच, पण वर्णनात होती तशी नाही: नवी म्हणून वापरलेली, अस्सल म्हणून नकली, मापात किंवा मॉडेलमध्ये फरक.
- वस्तू तुटलेली किंवा बंद.
- वस्तू परत गेली, विक्रेत्याला पोचली, रिफंडचा पत्ता नाही.
- विक्रेता थोडे पैसे द्यायला तयार आहे, पण ‘आधी तक्रार मागे घ्या’ म्हणतो.

तक्रार नोंदवताना साइट पहिला प्रश्न हाच विचारते, आणि पुष्कळ खरे दावे इथंच पडतात. खोक्यात दगड निघालेला माणूस रागाच्या भरात ‘वस्तू मिळाली नाही’ हा पर्याय निवडतो. विक्रेता ट्रॅकिंग पुढे करतो, त्यावर ‘डिलिव्हर्ड’ असतं, दावा बंद होतो. खरं तर ‘मिळालेली वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हा पर्याय निवडायला हवा होता. बँकाही हाच भेद पाळतात. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत वस्तू न मिळाल्याच्या वादाला 13.1 हा क्रमांक आहे, आणि वर्णनाप्रमाणे नसलेल्या किंवा सदोष वस्तूच्या वादाला 13.3. दोन्हींसाठी मागितला जाणारा पुरावा वेगळा असतो. म्हणून नाव चुकलं की पुढची सगळी मेहनत भलत्याच खात्यात जमा होते.

1. आधी मुदत बघा

याला पैसा लागत नाही, आणि याच्याइतकी महत्त्वाची तपासणी दुसरी नाही. ईबेवर वस्तू मिळाल्यापासून, किंवा मिळण्याची शेवटची अंदाजे तारीख उलटल्यापासून, 30 दिवसांत तक्रार करावी लागते. ॲमेझॉनच्या अमेरिकी साइटवर तिसऱ्या विक्रेत्याकडून, म्हणजे साइटवर माल विकणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याकडून, घेतलेल्या वस्तूसाठी ‘ए-टू-झेड’ हमी आहे, तिची मुदत डिलिव्हरीच्या शेवटच्या अंदाजे तारखेनंतर 90 दिवस. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेत पैसे भरल्यापासून 180 दिवसांत वाद नोंदवता येतो, पण त्यात एक खाच आहे: नोंदवलेल्या वादाचं 20 दिवसांत दाव्यात रूपांतर केलं नाही, म्हणजे पेपालला निकाल द्यायला सांगितलं नाही, तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडता येत नाही. व्हिसा कार्डाच्या वरच्या दोन्ही प्रकारच्या वादांना साधारण 120 दिवसांची मर्यादा आहे, मात्र तुमची बँक तुमच्याकडून तक्रार त्याच्या बरीच आधी मागू शकते.

देशानुसार आणि वस्तूनुसार हे आकडे बदलतात. कपड्यांना एक मुदत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुसरी, असंही एकाच साइटवर दिसतं. म्हणून तुमच्या ऑर्डरच्या पानावर लिहिलेली तारीख खरी माना आणि ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, प्रत्यक्ष मुदतीच्या चार-पाच दिवस आधीच्या गजरासकट.

विक्रेत्याचं ‘थांबा’ याच तारखेच्या उजेडात वाचायचं. ‘कस्टममध्ये अडकलंय’, ‘पुढच्या आठवड्यात दुसरं पाठवतो’, ‘मालक बाहेरगावी आहेत’ ही उत्तरं कधी खरी असतात, कधी नसतात. खरी असोत वा नसोत, त्यांनी मुदत वाढत नाही. थांबायचं तर खुशाल थांबा, पण तक्रार नोंदवून थांबा.

2. समोरचा विक्रेता नेमका कोण आहे?

बिलावर बघा. ‘विक्री कुणाची’ आणि ‘पाठवणी कुणाची’ या दोन ओळींवर पुष्कळदा वेगवेगळी नावं असतात. वस्तू साइटच्या गोदामातून आली म्हणजे ती साइटनं विकली असं होत नाही. विक्री खुद्द साइटची असेल तर तुमचा वाद थेट तिच्याशी आहे. तिसऱ्या विक्रेत्याची असेल तर आधी त्याला संधी द्यावी लागते, मग साइट मध्ये पडते. आणि ती साइट म्हणजे नुसता जाहिरातींचा फलक असेल, म्हणजे पैसे परस्पर दिलेले असतील, तर तिथं मध्ये पडायला कुणीच नसतं.

यातच पुढचा प्रश्न येतो: पैसे कुठून गेले? साइटच्या पेमेंटमधून गेले असतील तर संरक्षण शाबूत आहे. ‘थेट खात्यावर टाका, स्वस्तात देतो’ असं ऐकून बाहेरून दिले असतील तर साइटची हमी लागू होत नाही. पेपालमध्ये ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायानं पाठवलेले पैसेही खरेदी-संरक्षणात बसत नाहीत. काही विक्रेते म्हणूनच त्या पर्यायाचा आग्रह धरतात. तुमचं असं झालं असेल तर मधल्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका, थेट बँकेच्या पायरीवर जा.

3. ट्रॅकिंग नीट वाचा

‘डिलिव्हर्ड’ या एका शब्दावर विसंबू नका. कुरियरच्या स्वतःच्या साइटवर ट्रॅकिंग क्रमांक टाका आणि तीन गोष्टी बघा: कोणत्या पिनकोडला पोचलं, कुणी सही केली, नोंदलेलं वजन किती. फसवणुकीचा एक जुना प्रकार असा, की विक्रेता तुमच्याच शहरातल्या दुसऱ्या पत्त्यावर एखादं हलकं पाकीट पाठवतो आणि तो क्रमांक तुमच्या ऑर्डरला जोडतो. साइटच्या यंत्रणेला शहर जुळलेलं दिसतं आणि ती समाधान मानते. अशा वेळी कुरियरकडून डिलिव्हरीचा पुरावा लेखी मागा. त्यावर पत्ता असतो, काही ठिकाणी सही किंवा फोटोही. कुरियरनं ‘हे पार्सल तुमच्या पत्त्याचं नव्हतं’ एवढं जरी ईमेलवर कळवलं तरी दाव्याचं पारडं फिरतं.

वजनाचा उपयोग रिकाम्या खोक्याच्या तक्रारीत होतो. लेबलवर 300 ग्रॅम लिहिलंय आणि मागवलेली वस्तूच दीड किलोची आहे, तर ती खोक्यात कधी नव्हतीच. वजन विक्रेत्यानं सांगितलेलं नसून कुरियरनं स्वतः केलेलं असेल, तर हा पुरावा विक्रेत्याला खोडणं अवघड जातं. लेबल फाडून टाकण्याआधी फोटो काढा.

शेजारी, घरातली इतर माणसं, इमारतीचं प्रवेशद्वार हेही याच टप्प्यावर विचारून घ्या. तक्रार नोंदवल्यावर पार्सल शेजाऱ्याकडे सापडलं तर पुढच्या खऱ्या तक्रारीच्या वेळी तुमच्या खात्याकडे साशंक नजरेनं बघितलं जातं.

4. पुरावा गोळा करा, विक्रेत्याशी बोलण्याआधी

क्रम महत्त्वाचा आहे. तुम्ही तक्रार केल्यावर वस्तूच्या पानावरचं वर्णन बदललं जाऊ शकतं, फोटो हटवले जाऊ शकतात, पानच गायब होऊ शकतं. म्हणून पहिल्या संदेशाआधी वस्तूचं पूर्ण पान वरपासून खालपर्यंत जतन करा, तारीख-वेळ दिसेल अशा रीतीनं. पान आधीच बदललं असेल तर ऑर्डरच्या तपशिलात बघा. काही साइट खरेदीच्या वेळचं वर्णन तिथं वेगळं ठेवतात. ऑर्डर पक्की झाल्याच्या ईमेलमध्येही वस्तूचं नाव आणि प्रकार असतो, आणि तो विक्रेत्याला बदलता येत नाही.

फोटो कसे काढायचे यावर माझं ठाम मत आहे. नुसत्या तुटलेल्या वस्तूच्या जवळून काढलेल्या फोटोला किंमत कमी, कारण ती वस्तू याच पार्सलमधली आहे हे त्यातून दिसत नाही. एका चौकटीत खोकं, लेबल आणि वस्तू तिन्ही येऊ द्या. मग वस्तूचा सीरियल क्रमांक, फोन असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक. मग दोष जवळून. नकली वस्तूच्या वादात, मिळाल्यास, त्या कंपनीच्या ग्राहकसेवेकडून ‘हा सीरियल क्रमांक आमचा नाही’ असं लेखी उत्तर घ्या. ‘मला नकली वाटते’ या वाक्यावर कुणी पैसे परत देत नाही. कंपनीच्या दोन ओळींवर देतात.

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल तर उत्तम, पण नसेल तर दावा बुडाला असं समजू नका. विक्रेते तसं सांगतात खरं. व्हिडिओ हा पुराव्यातला एक भाग आहे, एकमेव नव्हे.

आणखी एक बारीक गोष्ट. मूळ फोटो फोनमध्ये तसेच ठेवा. त्यात काढल्याची तारीख-वेळ दडलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ती माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

5. विक्रेत्याला एक संदेश, साइटच्या आतूनच

फोनवर बोलू नका, बाहेरच्या चॅटवर जाऊ नका. साइटवरचा कर्मचारी जे वाचू शकतो तेवढंच त्याच्यासाठी घडलेलं असतं. विक्रेत्याचा फोन आलाच तर ठेवल्यावर लगेच साइटच्या संदेशात लिहा: ‘आत्ता फोनवर तुम्ही सोमवारी दुसरी वस्तू पाठवतो म्हणालात.’ त्यानं नाकारलं नाही तर ती नोंद राहते.

संदेश असा असू द्या:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, मिळाल्याची तारीख अमुक. वर्णनात 256 जीबी लिहिलं होतं. मिळालेल्या फोनच्या सेटिंगमध्ये 64 जीबी दिसतं. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. वस्तू परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी साइटकडे दावा दाखल करेन.’

यात काय ठरलं होतं, काय मिळालं, पुरावा कुठे आहे, काय हवं आणि कधीपर्यंत, एवढं आलं. राग आला असेल, आणि तो येणारच, पण तो इथं लिहू नका. वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला तुमच्या रागातून काही ठरवता येत नाही. ‘पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो’ हे तर अजिबात नको. ईबेसारख्या साइटवर अशी धमकी देणं हाच नियमभंग आहे, आणि तुमच्या बाजूचा दावा त्यामुळे मलीन होतो. रिव्ह्यू लिहायचा तर निकाल लागल्यावर लिहा, खरा लिहा.

बरेच विक्रेते या संदेशावर रिफंड देतात. त्यांना साइटकडे दावा गेलेला नको असतो, कारण दाव्यांची संख्या वाढली की त्यांच्या खात्याची पत घसरते.

6. साइटकडे औपचारिक दावा

ईबेवर विक्रेत्याला 3 कामाचे दिवस मिळतात, ॲमेझॉनवर साधारण 48 तास. तेवढे झाले की एक दिवसही न दवडता दावा पुढे न्या. ग्राहकसेवेशी चॅट केलं म्हणजे दावा झाला, असं नाही. दाव्याचा स्वतंत्र क्रमांक मिळाला पाहिजे. तो नसेल तर तुमची तक्रार नोंदलेलीच नाही असं समजा.

या टप्प्यावर विक्रेता अचानक गोड बोलू लागतो. थोडी रक्कम देऊ करतो आणि दावा बंद करायची विनंती करतो. रक्कम तुम्हाला मान्य असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. किरकोळ दोषाला अर्धी रक्कम आणि वस्तू ठेवून घेणं हा कधीकधी चांगला सौदा असतो. पण पैसे खात्यात दिसल्याशिवाय दावा बंद करायचा नाही. बंद केलेला दावा बहुतेक साइटवर पुन्हा उघडत नाही, आणि विक्रेत्याला हे तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं.

वस्तू परत पाठवायला सांगितलं तर साइटनं दिलेलं लेबलच वापरा. विक्रेत्यानं चॅटमध्ये दिलेल्या निराळ्या पत्त्यावर पाठवलेली वस्तू हिशेबात धरली जात नाही. पॅक करताना सीरियल क्रमांकाचा फोटो, बंद खोक्याचा फोटो, कुरियरची वजनासह पावती. फोन किंवा लॅपटॉप असेल तर आपली माहिती पुसा आणि खात्यातून बाहेर पडा, नाहीतर ‘लॉक केलेला फोन परत आला’ म्हणून रिफंड अडतो.

बॅटरी फुगली असेल, वस्तू तापत असेल किंवा जळका वास येत असेल तर इथं थांबा. चार्ज करू नका, उघडू नका, नेहमीच्या कुरियरनं पाठवू नका. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला बंदी आहे. फोटो काढून साइटला तसं कळवा आणि परत घेण्याची वेगळी व्यवस्था मागा. वस्तू परत आली नाही म्हणून दावा नाकारला तर हेच कारण अपिलात लिहायचं.

7. दावा फेटाळला तर

पहिला नकार बहुधा घाईचा असतो. नकारात दिलेलं कारण शब्दशः उचला आणि त्याच कारणाला उत्तर देणारा एक नवा पुरावा जोडून अपील करा. जुनीच कहाणी मोठ्या अक्षरात सांगून निर्णय बदलत नाही.

भारतातल्या खरेदीला इथं एक चांगलं हत्यार आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्यानं 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याच्या आत निवारण देणं बंधनकारक आहे. सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तुम्ही लेखी मागितलं तर साइटनं विक्रेत्याचा पत्ता आणि ईमेलही द्यायचा असतो. भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी साइटही या नियमांत येतात. ईमेलमध्ये नियमाचं नाव लिहा. साच्यातल्या उत्तरांची मालिका पुष्कळदा तिथं थांबते.

8. बँक आणि कार्ड

साइटची दारं बंद झाल्यावर, किंवा मुदत संपत आली असेल तर त्याआधी, कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. साइटचा दावा चालू असताना चार्जबॅक टाकला तर साइट आपला दावा सहसा बंद करते, त्यामुळे दोन्ही एकदम चालवू नका. साइटनं नकार दिल्याचा ईमेल बँकेला जोडा. ‘विक्रेत्याशी आधी बोललात का’ हा बँकेचा पहिला प्रश्न असतो, आणि पाचव्या पायरीवरचा तो एक संदेश इथं उपयोगी पडतो.

अमेरिकेत 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी कळवायचं असतं. ब्रिटनमध्ये कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम 75 खाली 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. पण पैसे मधल्या बाजारसाइटनं गोळा केले असतील तर हे कलम लागू होताना अडचण येते. युरोपीय संघात व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते, काही अपवाद सोडून, आणि विक्रेता दुसऱ्या सदस्य देशातला असेल तर युरोपीय ग्राहक केंद्रं फुकट मदत करतात.

खोटा चार्जबॅक मात्र कधीच टाकू नका. साइट खातं बंद करते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

विक्रेता रिफंडसाठी लिंक, ओटीपी, पिन, क्यूआर कोड स्कॅन करणं किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप मागू लागला तर हा वाद राहिला नाही, ही चोरी आहे. शोधून मिळालेल्या ‘ग्राहकसेवा’ क्रमांकावरूनही हेच होतं, म्हणून क्रमांक फक्त साइटच्या ॲपमधूनच घ्या. असं काही घडलं तर संभाषण तोडा, आधी बँकेला फोन करून खातं किंवा कार्ड गोठवा, मग पोलिसांकडे जा. भारतात सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, आणि तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त.

वस्तूमुळे कुणाला इजा झाली असेल, आग लागली असेल, विक्रेता धमक्या देत असेल किंवा वस्तू धंद्यासाठी घेतलेली असेल, तर आपण आपलं लढू नका, वकिलाचा सल्ला घ्या. भारतीय कायद्यात पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कामासाठी खरेदी करणारा सहसा ‘ग्राहक’ धरला जात नाही, स्वतःच्या उपजीविकेपुरत्या वापराचा अपवाद सोडून. त्यामुळे तिथं रस्ताच निराळा.

रक्कम मोठी आहे आणि वरचं सगळं करून झालं, तर भारतात आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथंही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. वस्तूला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज होतो, वकील सक्तीचा नाही. साधी, कागदपत्रं स्वच्छ असलेली तक्रार स्वतः चालवायला हरकत नाही. समोरून वकील उभा राहिला, तज्ज्ञाकडून वस्तूची तपासणी लागणार असेल, किंवा विक्रेता परदेशात असेल तर मात्र वकील घ्या. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत आयोगाकडे अर्ज व्हायला हवा. वकिलाकडे जाताना ऑर्डर, बिल, लेबल, वर्णनाचं जतन केलेलं पान, साइटवरचे संदेश, दाव्याचा क्रमांक, नकाराचा ईमेल आणि बँकेचं उत्तर तारखेच्या क्रमानं लावून, वर एका पानावर काय कधी घडलं ते लिहून न्या.